गट नंबर आकडाच आहे, मग तो संख्यात्मक का नाही? आणि ५० शेतकरी निवडायचे कसे?

बरडावरची, आर्णी (यवतमाळ)

नमस्कार. बी.ए. दुसरं वर्ष, विषय अर्थशास्त्र. आम्हाला प्रकल्प मिळाला आहे, 'गावातील कापूस उत्पादकांचा अभ्यास'. "५० शेतकऱ्यांचा यादृच्छिक नमुना घ्या, प्रश्नावली करा, सामग्रीचे प्रकार ओळखा, तक्ते काढा," एवढं फळ्यावर लिहून सर पुढच्या तासाला गेले. व्याख्या पाठ आहेत माझ्या. गुणात्मक, संख्यात्मक, खंडित, अखंडित, सगळं येतं. पण प्रश्नावली समोर घेतली की गाडी अडते.

माझे प्रश्न असे: गट नंबर, किती एकर कपाशी, जमीन (भारी / मध्यम / बरड), बैलं किती, वाण कोणतं, गुलाबी बोंडअळी (नाही / थोडी / जास्त), कापूस किती क्विंटल झाला, शेतकऱ्याचं जन्मवर्ष.

आता अडचणी. मैत्रिणीनं गट नंबरपुढे 'संख्यात्मक' लिहिलं, सरांनी लाल गोल केला, कारण सांगितलं नाही. दुसरं, बोंडअळीच्या उत्तरांना तिनं १, २, ३ असे आकडे दिले आणि मोबाईलवर सरासरी काढली. आली १.९. म्हणजे नेमकं काय झालं?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. आमच्या ग्रामपंचायतीत मूळ गाव, एक तांडा आणि कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आहे. तलाठी कार्यालयात विचारलं तर खाती ३६० सांगितली. यातून ५० कसे काढू? मैत्रीण म्हणते, बाजाराच्या दिवशी आर्णीला कृषी केंद्रासमोर उभं राहू, दुपारपर्यंत ५० होतात. शिवाय पुस्तकात स्तरित नमुना आणि समूह नमुना, दोन्हीत लोकांचे गटच पाडलेत. मग फरक काय? कुणी आपल्या इकडच्या उदाहरणानं सांगेल का? त्या पिशवीतल्या लाल-निळ्या चेंडूंचा वीट आला आहे.

रिकामा_टेक, वणी

अगं बाई, प्रकल्प वाचतो कोण? कृषी केंद्राच्या ओट्यावर बस, चहा पी, ३० फॉर्म भर. उरलेले २० घरी भर. आमच्या वर्गानं हेच केलं, सगळे पास.

जुना कृषी सहायक, दिग्रस

बेटा, वरच्याचं ऐकू नको.

मी सांख्यिकीचा मास्तर नाही. पण नोकरीभर पीक कापणीचे प्रयोग केले, म्हणजे चिठ्ठीनं निवडलेल्या वावरातल्या छोट्या तुकड्याचं पीक काढून तोललं, त्यामुळे नमुना काय चीज असते ते वावरात उभं राहून पाहिलं आहे. सावकाश वाच.

आधी आकड्यांचं. कागदावर आकडा दिसला म्हणजे तो संख्यात्मक झाला असं नाही. एक कसोटी लाव. दोन आकड्यांची वजाबाकी कर आणि आलेल्या उत्तराला काही अर्थ आहे का ते पाहा. गट नंबर ११२ मधून गट नंबर ४५ वजा केला, उरले ६७. या ६७ चं काय करशील? ना ते एकर, ना अंतर. गट नंबर म्हणजे वावराचं नाव, फक्त आकड्यात लिहिलेलं. पिनकोड तसाच, मोबाईल नंबर तसाच. म्हणून सरांनी गोल केला. कपाशीचं वाणही याच खान्यात. त्यात लहानमोठं काही नाही, फक्त वेगवेगळं आहे.

जमीन भारी, मध्यम, बरड. इथं वरखाली क्रम आहे, पण भारी आणि मध्यममध्ये जेवढा फरक तेवढाच मध्यम आणि बरडमध्ये आहे असं कोण सांगेल? ज्याच्या वावरात टिकाव मारला की दगड लागतो त्याला विचार. बोंडअळीचं 'नाही, थोडी, जास्त' हे असंच. तुझ्या मैत्रिणीनं १, २, ३ ऐवजी १, ५, २० लिहिलं असतं तरी क्रम तोच राहिला असता, सरासरी मात्र कुठच्या कुठं गेली असती. मग १.९ मध्ये शेतकऱ्यांचं किती आणि मैत्रिणीचं किती? अशा सामग्रीत किती जणांनी 'नाही' सांगितलं, किती जणांनी 'थोडी', किती जणांनी 'जास्त', तेवढं मोजून शेकडा लिही. फार तर मध्यक सांग, म्हणजे सगळी उत्तरं क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं.

जन्मवर्षाची वजाबाकी जमते. १९८० उणे १९६०, २० वर्षांचं अंतर. पण भागाकार करून पाहा, काही हाती लागत नाही, कारण सन शून्य म्हणजे काळाची सुरुवात नव्हे. आपल्या उन्हाचंही तसंच. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४६ वर गेला म्हणजे २३ अंशांच्या दुप्पट गरम झालं असं नाही. उलट एकर, क्विंटल, कापसातला ओलावा यांत शून्य म्हणजे खरंच काही नाही. तिथं दुप्पट-दीडपट बोलता येतं. खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्याचा कापूस आणि १२ टक्क्यांचा कापूस यांतला दीडपटीचा फरक खरा असतो, म्हणून तर त्यावर कपात लागते.

बैलं मोजतात, कापूस मापतात. अडीच बैल नसतात, अडीच क्विंटल असतो. खंडित-अखंडितचं यापलीकडे काही नाही.

आता तुला एक काम सांगतो. बोंडअळीचा प्रश्नच बदल. 'त्रास किती' विचारलं तर माणूस मनातलं सांगतो, आणि मन त्या वर्षीच्या भावावर चालतं. त्यापेक्षा वावरात जा, एकरामागे २० हिरवी बोंडं तोड. एकाच झाडाची नको, धुऱ्यालगतची नको, फिरत फिरत तोड. अंगठ्यानं फोडून पाहा. आत अळी किंवा तिनं खाल्लेली सरकी किती बोंडांत सापडते ते मोज. २० मध्ये २ निघाली म्हणजे १० टक्के, आणि फवारणीचा विचार करायची आर्थिक नुकसानीची पातळी तीच धरतात. मनातल्या 'थोडी-जास्त'चं तू मोजता येणारं खंडित माप केलंस. हंगाम उलटून गेला असेल तर सोडून दे, पण पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी असेल तर हे कर. सर खूश होतील का माहीत नाही, मी होईन.

आता ५० माणसांचं. बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रासमोर कोण भेटतं? ज्याच्या हातात पैसा किंवा उधारीची पत आहे तो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो. आणि बहुतेक पुरुष. जी बाई नवऱ्यामागे सातबारा सांभाळते, तिची खतं दीर घेऊन येतो. ती सुटली. पोडावरचा कोलाम बांधावरच उसनवारी करतो. तो सुटला. याला सोयीचा नमुना म्हणतात. तिथं ५० ऐवजी ५०० फॉर्म भरले तरी सुटलेले सुटलेलेच राहतात. नमुना मोठा केल्यानं ही चूक कमी होत नाही.

म्हणून आधी यादी. तलाठ्याकडून सातबाऱ्याची यादी मागू नको, आठ-अची, म्हणजे खात्यांच्या उताऱ्याची, माग. सातबारा गटाप्रमाणे असतो, एका माणसाचे पाच गट असले तर त्याचं नाव पाच ठिकाणी येतं आणि त्याच्या चिठ्ठीला पाचपट संधी मिळते. आठ-अ खातेदाराप्रमाणे असतो. तरी डोळे उघडे ठेव. काही खातेदार वारलेले असतात, वारसांची नोंद व्हायची असते. काही पुण्याला राहतात आणि वावर दुसराच कसतो. त्या नावांपुढे खूण करून ठेव.

मग १ ते ३६० क्रमांक दे. चिठ्ठ्या टाक किंवा यादृच्छिक अंकांचा तक्ता घे. तक्त्यातून तीन-तीन अंक वाच. ३६० च्या आतला आला तर ते खातं निवडलं. ३६१ ते ७२० मधला आला तर त्यातून ३६० वजा करून उरेल ते खातं. ७२० च्या वर गेला, किंवा ००० आला, तर सोडून द्यायचा. तोही भागून बाकी घेतली तर यादीतल्या पहिल्या २७९ खात्यांना उगाच एक जास्तीची संधी मिळते. हा बारकावा नवीन पोरं हमखास विसरतात.

एक सोपी पद्धत आहे, यादीतलं दर सातवं नाव घेणं. १ ते ७ मधली एक चिठ्ठी काढायची, तिथून सात-सात मोजत जायचं. हिला पद्धतशीर नमुना म्हणतात. कागदाच्या यादीवर चांगली चालते. वावरात मात्र जपून. आपल्याकडे पऱ्हाटीत ठराविक तासांनी, म्हणजे ओळींनी, तुरीचं तास असतं. समज, आठ तासं कपाशी मग एक तुरीचं, असंच पुढं. तू दर नववं तास मोजायला घेतलंस, तर पहिलं तास तुरीला लागून निघालं की सगळीच तुरीला लागून निघतील. तुरीच्या सावलीतल्या पऱ्हाटीची बोंडं मोजून अख्ख्या वावराचा हिशोब लावशील आणि पत्ताही लागणार नाही.

स्तरित आणि समूहचं रात्री लिहितो, नाहीतर इथं कोणी मॅडम असतील तर त्यांनी सांगावं. माझ्या डोळ्याला मोबाईल झेपत नाही.

पराटीवाला, घाटंजी

काका, तुमी लय बेस समजावलं. पन मले एक सांगा. पीक इम्यासाठी आमच्या महसूल मंडळात म्हने एका पिकाचे दहा कापनी प्रयोग घेतात. मंडळात गावं किती, वावरं किती? दहा वावरावरून अख्ख्या मंडळाचं कसं ठरते? एका साली माह्या वावरात रोही (नीलगाय) अन् डुकरं घुसले, अर्धी पराटी लोळवली. मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या वर निघालं, त्याच्या खाली गेलं तरच इमा भेटते, मले इम्याचा रुपया भेटला नाई. हे यादृच्छिक माह्या काय कामाचं?

अन् पोरी, तू 'किती एकर' इचारू नको. आमच्या इकडं कोनी एकर सांगत नाई, बियान्याच्या बॅगा सांगते. 'चार बॅगा लावल्या' म्हनते. आता लोकं दाट लावाले लागले त एका एकरात दीड बॅग, दोन बॅगा बी जाते. तू चार बॅगा म्हनजे चार एकर लिहिशीन त तुह्या एकरी उत्पन्नाचं वाटोळं.

अन् क्विंटल बी असाच इचारशीन त सारे दहा, पंधरा, वीस सांगतीन. साडेअकरा कोनी सांगत नाई.

आकडेवाल्या मॅडम, वाशीम

पराटीवाले भाऊ बरोबर बोलले. लोक गोल आकडे सांगतात, त्यामुळे आलेख काढला की १० आणि २० वर उंच खांब आणि मध्ये खड्डे दिसतात. माप अखंडित, पण उत्तर खंडित असल्यासारखं मिळतं. यावर आपल्या भागात एक उपाय आहे. वेचणीची मजुरी किलोवर देतात, म्हणून बऱ्याच घरांत वही असते: तारीख, बाईचं नाव, किती किलो वेचला. ती वही मागा. शेतकऱ्यापेक्षा त्याच्या घरच्यांना विचारा, वही बहुतेक त्यांच्याकडेच असते. सगळ्या वेचण्यांची बेरीज केली की उत्पादन जवळजवळ अचूक मिळतं. अहवालात मात्र स्पष्ट लिहा की कोणाचा आकडा वहीतला आणि कोणाचा तोंडी. दोन्हींची सरमिसळ करून एकच सरासरी काढू नका.

स्तरित आणि समूह यांचा गोंधळ दरवर्षी होतो. गट दोन्हीत पाडतात हे खरं. पुढे काय करतात ते पाहा. स्तरितमध्ये प्रत्येक गटातून थोडे-थोडे घेतात, एकही गट रिकामा सोडत नाहीत. समूहमध्ये काही गटच चिठ्ठीनं निवडतात, निवडलेल्या गटातले सगळे घेतात आणि बाकीच्या गटांकडे फिरकतही नाहीत. म्हणून स्तर असा हवा की आतले लोक एकमेकांसारखे असतील. समूह असा हवा की प्रत्येक समूहात सगळ्या तऱ्हेचे लोक असतील.

आता तुमच्या गावावर लावून बघा. गाव, तांडा, पोड हे तीन समूह मानून चिठ्ठी टाकली आणि पोड निघाला, तर तुमचा 'गावाचा अभ्यास' फक्त कोलाम शेतकऱ्यांचा होईल. वस्ती आतून एकसारखी आहे, म्हणून समूह पद्धत इथं तोट्याची. तेच तीन स्तर मानले तर तिन्ही वस्त्या येतात. किंवा जमिनीप्रमाणे स्तर करा. कृषिगणनेत १ हेक्टरच्या आत अत्यल्प भूधारक, १ ते २ हेक्टर अल्पभूधारक, त्यावर बाकीचे. समजा आठ-अ वरून १८०, ११० आणि ७० खाती निघाली. ५० चा वाटा पाडला तर २५, १५ आणि १०. मग प्रत्येक स्तरात स्वतंत्र चिठ्ठ्या.

मग समूह पद्धत वापरतं कोण? ज्याला पूर्ण जिल्हा फिरायचा आहे आणि गाडीचं पेट्रोल मोजायचं आहे तो. एका गावात गेलं की तिथली सगळी घरं उरकता येतात. पैसे वाचतात, त्याबदल्यात अंदाज थोडा ढिला होतो. तुमचं गाव एकच आहे, तुम्हाला तो व्यवहार करायची गरज नाही.

जुन्या सहायकांनी सांगितलेली कसोटी मी वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. परीक्षेसाठी नावं लक्षात ठेवा: नामिक, क्रमिक, अंतर आणि गुणोत्तर मापनश्रेणी. ही चौकट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडली. वाण आणि गट नंबर नामिक, जमिनीची प्रत क्रमिक, जन्मवर्ष अंतर, क्विंटल गुणोत्तर.

आणि एकरांची नुसती सरासरी देऊ नका. गावात एखादा ६० एकरवाला असतोच. तो नमुन्यात आला की सरासरी फुगते, मध्यक जागचा हलत नाही. दोन्ही लिहा, फरक दिसेल.

जुना कृषी सहायक, दिग्रस

मॅडम, परवानगी कसली, वापरा.

पराटीवाले भाऊ, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. दहाचा आकडा बरोबर आहे. केंद्राच्या पीक विम्याच्या मार्गदर्शक सूचनांत विमा घटक, म्हणजे ज्या भागाची सरासरी धरतात तो, मंडळ असेल तर किमान १० प्रयोग, तालुका असेल तर १६, जिल्हा असेल तर २४ असं आहे. पुढचं मनाला पटत नाही, पण खरं आहे. नमुन्याचा भरवसा मुख्यतः प्रयोग किती घेतले यावर असतो, मंडळात वावरं किती आहेत यावर जवळजवळ नसतो. वावरं दोन हजार असोत की वीस हजार, दहा प्रयोगांची ताकद तेवढीच. ती ताकद फार नाही, हेही तितकंच खरं. आणि चूक निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. ज्या मंडळात नदीकाठची काळी आणि वरची मुरमाड दोन्ही आहेत, तिथं दहा प्रयोगांची सरासरी हलकीच राहणार.

पण तुमचं दुखणं दुसरं आहे. दहाचे शंभर प्रयोग केले असते तरी तुमच्या वावरातलं नुकसान त्यात दिसलं नसतं. नमुना मंडळाची सरासरी सांगतो, एकट्या वावराबद्दल तो काही बोलतच नाही. रोही तुमच्या वावरात घुसले, मंडळात नाही. सरासरीवर विमा ठरवायचा ही आखणी करणाऱ्यांची निवड आहे. भांडायचं तर त्या निवडीशी भांडा, चिठ्ठीशी नको. चिठ्ठी काढून टाकली तर वावर कोण निवडेल? गावातला वजनदार माणूस निवडेल.

प्रयोग कसा होतो ते सांगतो, पोरीच्याही कामाचं आहे. तालुक्यातून गाव चिठ्ठीनं, गावातून गट चिठ्ठीनं, गटात प्लॉटची जागाही चिठ्ठीनं. पुस्तकात याला स्तरित बहुटप्पी यादृच्छिक नमुना म्हणतात. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. मिळालेल्या दोन आकड्यांप्रमाणे लांबीच्या बाजूनं इतकी पावलं, रुंदीच्या बाजूनं इतकी पावलं. पाय थांबला तिथं खुंटी. पायाखाली भरलेलं झाड आलं तर भरलेलं, जळकं आलं तर जळकं, खाली जागा आली तर खाली जागा. सरकायचं नाही. याच वेळी मालक खांद्याला हात लावतो. विम्याचा हंगाम असला तर "साहेब, तिकडं पाहा, किती वाईट आहे". पीक स्पर्धा असली तर तोच माणूस दुसऱ्या कोपऱ्याकडे ओढतो.

मग चार खुंट्या, सुतळी ताणायची. सुतळीखाली येणारं झाड आत धरायचं की बाहेर, यावर अर्धा तास जातो. हसू नका. यावर मोठ्या माणसांचा वाद झाला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये पिकांच्या सर्वेक्षणात छोटे प्लॉट वापरत. आपले पांडुरंग सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, त्यांनी १९४६ मध्ये दाखवलं की प्लॉट फार छोटा असला की उत्पादन जास्त निघतं. कारण सुतळीवरचं झाड. मोजणाऱ्याचा हात नकळत त्याला आत ओढतो. १ बाय १ मीटरच्या प्लॉटला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते. १० बाय १० च्या प्लॉटला ४० सेंटिमीटर. कड जास्त तेवढी आत ओढलेली झाडं जास्त. उलट महालनोबिसांच्या बाजूनंही मुद्दा होता, की छोटे प्लॉट स्वस्त पडतात, जास्त ठिकाणी घेता येतात, आणि माणूस नीट शिकवला तर कडेची चूक आवरता येते. मी सुखात्म्यांकडचा. शिकवलेली माणसं मी पाहिली आहेत, चार वाजता घरी जायची घाई त्यांनाही असते.

कपाशीत आणखी एक घोळ. वेचण्या तीन-चार होतात आणि प्रत्येक वेचणीला त्याच प्लॉटचा कापूस वेगळा तोलावा लागतो. दुसऱ्या वेचणीला जावं तर सुतळी गायब, आणि मजूरबाया प्लॉटमधूनच वेचत पुढं गेलेल्या. त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

बरडावरची, आर्णी (यवतमाळ)

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं दोनदा वाचलं. बॅगांचं तर मला घरातच माहीत होतं, पण प्रश्नावलीत घालायचं सुचलं नाही. आता दोन्ही विचारीन, बॅगा किती आणि एकर किती.

आता नवीन अडचण. आठ-अची यादी मिळेल. पण तांड्यावर बरेच जण दुसऱ्याचं वावर ठोक्यानं, म्हणजे ठरवून दिलेल्या पैशांवर, करतात. तोंडी व्यवहार, कागद नाही. त्यांचं नाव आठ-अवर नाहीच. मग ते कापूस उत्पादक नाहीत का? आणि चिठ्ठीत निघालेला माणूस घरी भेटला नाही तर शेजारच्याला धरू का?

आकडेवाल्या मॅडम, वाशीम

ठोक्याचा प्रश्न विचारलात, हे फार छान. तुमची समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं ते सगळे, 'कापूस पिकवणारे' आहे आणि यादी 'जमिनीचे मालक' यांची. दोन्ही एक नाहीत. दोन वाटा आहेत. निवडलेल्या खातेदाराला विचारायचं, वावर स्वतः करता की ठोक्यानं दिलं? दिलं असेल तर करणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मुलाखत त्याची. म्हणजे चिठ्ठी वावराच्या खात्याची निघाली आणि उत्तर कसणाऱ्याचं मिळालं. ५० मध्ये तुम्ही हीच वाट धरा. फक्त एक गोष्ट नोंदवा: एकानं तिघांचं वावर ठोक्यानं घेतलं असेल तर त्याला तीन दारांनी संधी मिळते. म्हणून तो किती जणांचं वावर करतो हेही विचारा.

दुसरी वाट साखळी नमुन्याची. एक ठोकेवाला दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचं. ज्यांची यादीच नाही त्यांच्यापर्यंत पोचायला ती बरी. पण अशा लोकांवरून 'गावात इतके टक्के ठोकेवाले' असं लिहिता येत नाही, कारण साखळी ओळखीच्या लोकांतच फिरते. त्यांच्या अडचणी, व्यवहाराच्या अटी हे लिहायला वापरा, वेगळ्या प्रकरणात.

पराटीवाला, घाटंजी

ठोक्याचा भाव इचारू नको पयल्याच भेटीत. मालक बी खरं सांगत नाई, करनारा बी नाई. आधी पिकाचं बोल. अन् दुपारी बारा वाजता जाऊ नको, पारावर फक्त म्हतारे भेटतीन. दिवेलागनीला जा.

जुना कृषी सहायक, दिग्रस

शेजारच्याला धरायचं नाही. शेजारचा घरी असतो म्हणूनच तर भेटतो. घरी असणारे आणि बाहेर राबणारे यांची शेती सारखी नसते. अशानं तुझा चिठ्ठीचा नमुना हळूहळू सोयीचा होऊन जाईल. ५० ऐवजी चिठ्ठ्या ६० काढ, पण शेवटच्या १० वेगळ्या पाकिटात ठेव, प्रत्येक स्तराच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. एका माणसाकडे वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, त्यात एक फेरी भाऊंनी सांगितली तशी दिवेलागणीची. तरी नाही भेटला तर त्याच स्तराच्या पाकिटातली पुढची चिठ्ठी. आणि जो भेटला नाही त्याचं खातं क्रमांकासह लिहून ठेव, कारणही: कामासाठी बाहेरगावी, वारलेला, बोलायला नकार. अहवालात त्याचा छोटा तक्ता दे.

सर विचारतील, हा तक्ता कशाला. तेव्हा त्यांना बॅगांचं सांग: आकडा कुठून आला ते लिहिलं नाही तर हिशोबाचं वाटोळं होतं.